ऋजुताचं आणि माझं

"वाच, वाच, थांबू नकोस," हे वरून ओरडले.

मी खाली कातळाच्या कडेला बसले होते. प्रिंटआउटचे कागद गुडघ्याखाली दाबलेले. रामशेजवर त्या दिवशी वारा असा होता की एक पान हातात धरावं तर दुसरं उडायला बघायचं. चार ओळी वाचून झाल्या होत्या. पायऱ्या संपल्या की डावीकडे, मग कोरडं टाकं, आणि टाक्याच्या अलीकडे... पुढचं वाक्य दुसऱ्या पानावर होतं आणि तेच पान सापडत नव्हतं.

"अगं, टाक्याच्या अलीकडे काय?"

"सांगते. पान मिळू द्या जरा."

"टाक्याच्या अलीकडे एक उभा दगड आहे. शेंदूर न लावलेला," माझ्या मागून कुणीतरी म्हणालं.

ती ऋजुता गद्रे. त्या रविवारी पहिल्यांदाच आली होती. घुगे सरांनी सकाळी पायथ्याशी ओळख करून दिली होती, या सॉफ्टवेअरमध्ये असतात, पुण्याहून बदली होऊन आल्यात म्हणून. सत्तावीस-अठ्ठावीसची असेल. डोक्याला रुमाल, पायांत खरे डोंगरावरचे बूट, आणि हातात साबणाच्या वडीएवढा छोटा कॉम्प्युटर, पामटॉप. त्यावर ती एका काडीने टिचक्या मारत होती आणि मी जे चार कागदांत शोधत होते ते तिच्या तळहातावर उमटत होतं.

"वा," हे म्हणाले.

आता यांच्या या 'वा'बद्दल सांगायला हवं. आमच्या लग्नाला तेव्हा अठरा वर्षं झाली होती. पुरणपोळीला यांनी कधी वा म्हटलं नव्हतं, मुलगी बोर्डात चमकली तेव्हाही 'बरं झालं' इतकंच. रायरीकरांच्या घरात कौतुक तोंडावर करत नाहीत, मागे करतात, असं माझ्या सासूबाईंनी मला सांगितलं होतं. मागे तरी कुणापुढे करतात, ते मला आजतागायत कळलेलं नाही. आणि त्या दिवशी एका परक्या मुलीला, ओळख होऊन तास-दीड तास झाला नाही तोवर, डोंगरावर सगळ्यांना ऐकू जाईल असा वा. माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते पुढे दोन महिने थांबलं नाही.

"काकू, याच्यात खूण आहे, ती मात्र तुम्हीच सोडवा," ऋजुता पामटॉप माझ्यापुढे धरत म्हणाली. "माझं ते सोडवून देत नाही. सर म्हणत होते तुम्ही मनातल्या मनात सोडवता."

मी काकू. आणि माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठे असलेले आमचे हे, सर. मी खूण सोडवली, पण माझ्या कागदावरून. तिच्या त्या वडीकडे पाहिलंसुद्धा नाही.

ही गोष्ट २००५ सालची. आता कुणाच्याही मोबाइलमध्ये सगळं असतं, तेव्हा नव्हतं. खेळ साधा होता. कुणीतरी डोंगरावर एक डबा लपवायचा, त्यात सही करायला वही ठेवायची, आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकायचे. सोबत वाटेचं वर्णन आणि अगदीच अडलं तर एक खूण. ती खूण आधीच कळून मजा जाऊ नये म्हणून इंग्रजी अक्षरं तेरा घरं पुढे सरकवून लिहिलेली असायची. दुसऱ्यांनी जीपीएस घेऊन जायचं आणि डबा शोधायचा. यांच्या धाकट्या भावाने अमेरिकेहून जीपीएस आणून दिलं आणि यांना ते वेड लागलं. घुगे सर भूगोलाचे. ते आधीपासूनच त्यात बुडालेले. आमच्या भागातले निम्मे डबे त्यांनीच लपवले होते.

जीपीएस माणसाला जागेच्या आसपास नेऊन सोडतं. पुढे दगड उलथत बसायचं नसेल तर वर्णन लागतं. म्हणून मी शनिवारी कॉलेजच्या लायब्ररीतून घरी आले की पानं छापायची, त्यांना टाचण्या मारायच्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालायची आणि रविवारी डोंगरावर वाचून दाखवायची. हे पुढे शोधत, मी मागून वाचत. मुलगी पुण्याला हॉस्टेलवर गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. सोमवार ते शनिवार यांची कंपनी, माझी लायब्ररी, रात्री बातम्या. घरात यांना माझ्याशी बोलावं लागेल असं काही नव्हतं. भाजीत मीठ कमी असलं तरी स्वतः उठून घ्यायचे. पण रविवारी डोंगरावर, आठवड्यातून एकदाच, त्यांना माझा आवाज लागायचा. वाच, वाच, थांबू नकोस. ते ऐकायला मी गुडघे दुखत असताना दोन-दोन तास चढत होते.

अर्थात तसं मी कधी दाखवलं नाही. उलट दर रविवारी तोंडाचा पट्टा चालू असायचा. हे कागद सांभाळता सांभाळता जीव जातो, रविवारी जरा पाठ टेकावी तर तेही नशिबात नाही, तुमचा डबा आणि माझी हमाली. बायकांनी असं म्हणायचंच असतं. माझी आई बाबांचा प्रत्येक शर्ट इस्त्री करताना म्हणायची आणि शर्टाला दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही.

रामशेजहून उतरताना हे आणि ऋजुता पुढे चालत होते. मी घुगे सरांबरोबर मागे. सर कुठल्यातरी दगडाबद्दल सांगत होते, माझे कान पुढे होते. 'पेपरलेस' हा शब्द तीनदा ऐकू आला. घरी आल्यावर हे म्हणाले, "मी पण एक पामटॉप घ्यावा म्हणतोय. ऋजुताच्या ओळखीचा एकजण जुना विकतोय."

"घ्या की. मला काय विचारता."

"त्यात कुठला प्रोग्राम टाकायचा ते ठरवावं लागेल. बरेच असतात म्हणे. ती बुधवारी येईल दाखवायला."

ती बुधवारी आली, तो जुना पामटॉप घेऊनच. पुढच्या बुधवारीही आली. आमच्या हॉलमध्ये कॉम्प्युटरपुढे एकच खुर्ची. हे खुर्चीवर आणि ती स्टुलावर, यांच्या कोपराला कोपर लागेल इतकी जवळ. मी पोहे केले. मुद्दाम तिच्या बशीत मिरची जास्त घातली तर म्हणते कशी, "काकू, अगदी माझ्या आईसारखे झालेत." मुलगी मनाने वाईट नव्हती, हे मला तेव्हाही दिसत होतं. म्हणूनच जास्त राग यायचा. आगाऊ असती तर तोंडावर दोन शब्द बोलून मोकळी झाले असते.

तिचा प्रोग्राम फुकटात मिळणारा होता. इंटरनेटवरची पानं जशीच्या तशी उचलून पामटॉपमध्ये पुस्तक केल्यासारखी भरायची. मग काडीने पान पुढे, पान मागे. वर्णन सगळं यायचं, आधी येऊन गेलेल्या लोकांचे शेरे यायचे. खूण मात्र कोड्यातच राहायची आणि पान शोधायला वेळ लागायचा.

"एका हातात जीपीएस आणि एका हातात हे, म्हणजे जमायचं नाही," हे म्हणाले.

"हो सर, याला एक माणूस वाचायला लागतोच," ती म्हणाली आणि माझ्याकडे बघून हसली.

ते हसू मला कसं लागलं म्हणून सांगू. मला वाटलं, ही मला सांगतेय की वाचायला मी आहे, तुम्ही पोहे करा.

त्या रात्री मी ठरवलं की यांच्या पामटॉपमध्ये या मुलीचा प्रोग्राम जाऊ द्यायचा नाही. मला काही या विषयातलं कळत होतं अशातला भाग नाही. पण वीस वर्षं लायब्ररीत काढलेल्या बाईला एवढं नक्की कळतं की पुस्तकांची रास म्हणजे लायब्ररी नव्हे. हवं ते पुस्तक हाताला लागलं पाहिजे. दुसऱ्या दिवसापासून मी मधल्या सुट्टीत कॉलेजच्या कॉम्प्युटरवर बसायला लागले. अमेरिकेतले हे खेळ खेळणारे लोक रात्रंदिवस याच विषयावर भांडत असतात, ते मला तेव्हा कळलं. कुठला प्रोग्राम बरा, कुठला मध्येच बंद पडतो, कुठल्याची अक्षरं उन्हात दिसतात. मी सगळी भांडणं वाचून काढली. भांडणं वाचून माणसाला बरंच कळतं.

शेवटी मला हवा तो सापडला. त्यात प्रत्येक डब्याचं वेगळं कार्ड होतं, अगदी आमच्या कपाटातल्या कार्डांसारखं. नाव, अंतर, वर्णन, शेरे, सगळं आपापल्या जागी. सर्वात जवळचा डबा आपोआप वर यायचा. अक्षरं मोठी करता यायची. आपल्याकडची टीप लिहायला रिकामी जागा होती. आणि खुणेवर काडी टेकवली की कोडं सुटून सरळ अक्षरं समोर. ते पाहिल्यावर मला इतका आनंद झाला की मी शेजारच्या टेबलावरच्या शिपाईमामांना चहा पाजला. ऋजुताचं जे करत नव्हतं ते माझं करत होतं. बाकी काही मला दिसलंच नाही.

बुधवारी ती आली तेव्हा मी पोहे केले नाहीत. स्टुलावर मी आधीच बसले होते.

"यांना मी एक दाखवणार आहे," मी म्हटलं.

ऋजुताने उभ्या उभ्या सगळं पाहिलं. मी एकेक गोष्ट करून दाखवली. हे माझ्याकडे असे बघत होते, जणू मी अचानक जपानी बोलायला लागले होते. शेवटी खूण सोडवून दाखवली.

"काकू, हे चांगलंच आहे. पण मग तुम्ही..." ती म्हणाली आणि थांबली.

"मी काय?"

"काही नाही. सर, तुम्हाला कुठला आवडला?"

यांनी अर्थातच कुठला ते सांगितलं नाही. रायरीकरांच्या घरात तोंडावर सांगत नाहीत. घुगे सरांना फोन केला. सर म्हणाले, भांडण कशाला, आपण चाचणीच घेऊ.

चाचणी मातोरीच्या पुढच्या एका टेकडीवर झाली. थंडी सरत आली होती, गवत वाळून पिवळं पडलेलं. घुगे सरांनी आदल्या दिवशी जाऊन तीन डबे लपवले होते. पायथ्याशी उभं राहून त्यांनी नियम सांगितले.

"नवरा-बायको एका गटात नकोत. तुम्ही दोघं डोळ्यांनीच बोलाल. रायरीकर, तुम्ही ऋजुताबरोबर जा, तिचं यंत्र घेऊन. वहिनी, तुम्ही तुमचं घ्या. तुमच्यासोबत मी येतो, पण मला जागा माहितीयेत, त्यामुळं माझ्या तोंडाला कुलूप. मी नाहीच असं समजा."

"म्हणजे मी एकटीच?"

"आता तुमचं यंत्र एवढं हुशार आहे तर होऊन जाऊ द्या की."

डोळ्यांनी बोलणारे नवरा-बायको. सरांना आमच्याबद्दल काय काय वाटत होतं. सरांचं जीपीएस एका हातात, पामटॉप दुसऱ्या हातात घेऊन मी डाव्या सोंडेने चढायला लागले. ते दोघे उजवीकडून गेले.

पहिला डबा मला करवंदीच्या जाळीत मिळाला. यंत्राने सांगितलं होतं तिथेच. थांबावं लागलं नाही, पान शोधावं लागलं नाही, कुणाला विचारावं लागलं नाही. दुसऱ्याकडे जाताना मध्ये एक घळ लागली आणि घळीच्या पलीकडच्या उतारावर ते दोघे दिसले. ती एका दगडावर बसली होती, पामटॉपवर डोकं वाकवून. हे खाली दगडांत शोधत होते. बोलणं सुटं सुटं ऐकू येत होतं. ती काहीतरी वाचायची, मध्येच पान हरवायचं, ती हसायची. हेही हसत होते. चार वर्षांत माझं पान हरवलं तर यांना कधी हसू आलं नव्हतं.

आणि मग वाऱ्याबरोबर यांचा आवाज आला. "वाच गं, वाच, थांबू नकोस."

मी तिथेच उभी राहिले. घुगे सर मागून येऊन थांबले. कुलूप लावलेलं तोंड उघडून म्हणाले, "काय झालं वहिनी, पाय मुरगळला का?"

"नाही. चला."

सोन्याची बांगडी कुणी मागितली असती तर मी एकवेळ काढून दिली असती. ते शब्द माझे होते. दुसरं माझं असं त्या माणसाकडे काही नव्हतंच. मला तिचा राग आला, यांचा आला, त्या दगडाचा आला ज्यावर ती बसली होती. मी अशी सुटले की घुगे सर धापा टाकत मागे राहिले. दुसरा डबा जुन्या बांधाच्या खोबणीत होता. तिसऱ्याची खूण मी काडी टेकवून सोडवली आणि उंबराच्या मुळात हात घालून डबा बाहेर काढला. तिन्ही डबे घेऊन मी खाली आले तेव्हा त्यांचा दुसराच चालला होता.

ते उतरले तेव्हा सर म्हणाले, "विषय संपला. वहिनींचं घ्या. सगळ्यांनीच घ्या. एकट्या बाईने तीन डबे काढलेत, मी शब्द बोललो नाही."

"छान," हे म्हणाले. वा नाही, पण छान. मी तेही पदरात घेतलं.

ऋजुता माझ्याजवळ आली. बुटाची लेस सोडून पुन्हा बांधत म्हणाली, "काकू, तुमचंच बरं आहे. माझ्याला दोन माणसं लागतात. मला तेच आवडायचं. ऑफिसात दिवसभर मी एकटीच बसते स्क्रीनपुढे."

दोन माणसं लागतात, मला तेच आवडायचं. आणि यातलं दुसरं माणूस कोण, ते मी घळीपलीकडून पाहून आले होते. मला वाटलं, आता कबूलच केलंन की हिने. मी तिला म्हटलं, "शोध मग दुसरं माणूस." तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा लेस बांधायला लागली. त्यानंतर ती बुधवारी आली नाही. पुढच्या रविवारी येता येणार नाही, बरं नाही म्हणून तिने घुगे सरांना कळवलंन.

मला कसं वाटत होतं सांगू? निवडणूक जिंकल्यासारखं. तो सगळा आठवडा मी यांचा पामटॉप भरण्यात घालवला. जिल्ह्यातले सगळे डबे आणि सगळी वर्णनं आत घातली. टिपांच्या रिकाम्या जागेत मी माझ्या मनातलं सगळं लिहून टाकलं. इथे पाणी मिळत नाही, घरून दोन बाटल्या न्याव्यात. इथे माकडं पिशवी ओढतात. मागे इथेच पाय घसरला होता, उजवीकडून जावं. उतरताना डोक्यावर टोपी ठेवावी, तुम्हाला ऊन बाधतं. जे जे मी मागून चालताना बोलत असे ते सगळं आत गेलं. एकही गोष्ट विसरले नाही. ऋजुताच्या पुस्तकात असलं काही कधी असणार होतं का?

रविवारी सकाळी मी उठून आवरलं. बूट घालायला बाहेर आले तर हे तयार होऊन जिन्याच्या दारात उभे. पामटॉप प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गळ्यात अडकवला होता.

"तू कशाला उठलीस?" हे म्हणाले. "झोप की."

"झोप काय? निघायचं नाही का?"

"मी जाऊन येतो. पेठ रस्त्यावरचा आहे, दुपारपर्यंत परत येईन."

"मी येतेय."

"कशाला?"

विचारलं ते अगदी साधं. टोमणा नव्हता, राग नव्हता. त्या माणसाला खरंच कळत नव्हतं की मी कशाला यावं. आणि गंमत अशी की मलाही काही सांगता येईना. अठरा वर्षं संसार केला, चार वर्षं डोंगर चढले, आणि 'कशाला' याचं एकच उत्तर माझ्याकडे होतं. ते मी माझ्या हातांनी त्या पिशवीत घालून यांच्या गळ्यात अडकवलं होतं.

"वाचायला," मी तरीही म्हटलं.

"यात सगळं आहे की. तूच तर घातलंस. मी काल चालवून पाहिलं, मला कुणाची गरजच लागत नाही." हे खूश होते. "तुझे गुडघे दुखतात, कागदांचा वैताग. आता नाही ना काही. म्हणून तर हे सगळं केलं."

"काय केलं?"

"अगं, तूच म्हणायचीस ना. कागद सांभाळता सांभाळता जीव जातो, रविवारची पाठ टेकावी तर ते नाही. म्हणून त्या मुलीला पहिल्याच दिवशी विचारलं उतरताना, हिच्या मागचा हा व्याप कमी होईल असं काही आहे का."

मी बुटांसाठी वाकले होते तशीच राहिले.

"ती काय म्हणाली?"

"ती म्हणाली, काकूंना वाचायला आवडतं असं दिसतंय. कागद जातील पण वाचायचं राहील असं बघू. म्हणून तिने तो पुस्तकाचा काढला. मग तूच दुसरा आणलास, वाचायचं काही नाहीच असा. मला वाटलं, बरं झालं, सुटलीस एकदाची."

"कुरकुर केली म्हणजे नकोच असतं का माणसाला?"

"मला काय माहीत," हे म्हणाले. "मी गेली अठरा वर्षं तेवढंच ऐकतोय."

जिन्यात कुणीतरी दूध घेऊन वर चढत होतं. त्याला वाट द्यायला हे दारातून आत सरकले. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. बाई असती तर तिच्याशी भांडले असते. त्या वडीशी काय भांडणार? मीच निवडलेली, मीच शिकवून हुशार केलेली.

"मी तुमच्याबरोबर असावं म्हणून येते," मी म्हटलं. "वाचायला वगैरे नाही. नुसतीच."

असलं बोलायची आमच्यात पद्धत नव्हती. माझे कान तापले. यांनी कुलपाची किल्ली एका हातातून दुसऱ्या हातात घेतली, परत पहिल्या हातात घेतली आणि म्हणाले, "मग चल की. ऊन होईल नाहीतर."

आम्ही गेलो. हे पुढे आणि मी मागे. यांच्या एका हातात जीपीएस आणि दुसऱ्या हातात पामटॉप. माझे हात मोकळे. ते कुठे ठेवावेत कळेना म्हणून मी वाटेवरचं गवत उपटत चालले. मध्ये एकदा हे थांबले. मला वाटलं काही विचारतील. यांनी स्क्रीनवर वाचलं, उजवीकडे वळले आणि पुढे गेले. माझीच टीप होती ती, पाय घसरतो म्हणून. एका पडक्या चौथऱ्यापाशी काडी टेकवली, खूण वाचली, दोन दगड बाजूला केले आणि डबा उचलून मला दाखवला. माझा दमसुद्धा अजून बसला नव्हता. एरवी अशा डब्याला आमची अर्धी दुपार जायची. मी पान चुकायचे, हे चिडायचे, मग मी चिडायचे, मग कुणाचं चुकलं यावर वाद आणि तो वाद उतरून घरी येईपर्यंत पुरायचा.

सह्या करून झाल्या. डबा परत ठेवला. आम्ही चौथऱ्यावर बसलो. खाली द्राक्षांच्या बागा दिसत होत्या, त्यावर ऊन चढत होतं. मी यांना चिवडा दिला, त्यांनी मला पाण्याची बाटली दिली. वर्णन हातात नव्हतं म्हणून मी काही वाचलं नाही. शोधायचं काही उरलं नव्हतं म्हणून यांनी काही विचारलं नाही. दोघांनी चिवडा खाल्ला. मग हे म्हणाले, "वारा आज नाही." मी म्हटलं, "नाही." सगळी दुपार आमच्यापुढे पडली होती आणि नवरा-बायकोंनी ती कशाने भरायची असते ते आम्हाला कुणी कधी शिकवलं नव्हतं.

"त्या ऋजुताला बोलवायचं का पुढच्या रविवारी?" मी विचारलं.

यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, बऱ्याच दिवसांनी.

"तुला चालेल?"

म्हणजे कळत होतं तर सगळं. पोह्यातल्या मिरचीसकट.

"चालेल," मी म्हटलं. "फक्त तिला म्हणावं, येताना तुझंच यंत्र घेऊन ये."

"का? तुझं चांगलं आहे की."

"फारच चांगलं आहे," मी म्हटलं.